पाणी प्यायलेला बेडूक

“डब्यात काय काय उरलंय ते एकेक करून सांग,” हे म्हणाले. “घाई करू नको.”

भाजीच्या पिशवीत काय उरलं ते विचारावं, तसा आवाज. प्रत्यक्षात हे बोडीच्या मधोमध, कमळाच्या पानांत, पोटाच्या वर पाण्यात उभे होते आणि खाली मांड्यांपर्यंत गाळात रुतले होते. मघाशी शर्टाची चार बटणं पाण्याबाहेर दिसत होती. आता तीन दिसत होती. मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि बटणांकडेच जास्त पाहत होते.

बांधावर मी मांडी घालून बसले होते आणि मांडीवर त्यांचा मासेमारीचा डबा. आठ वर्षांत त्या डब्याला मी बोट लावलं नव्हतं. घरात तो मागच्या पडवीतल्या फळीवर असायचा, देवघरापासून सर्वांत लांब, आणि ती जागाही मीच ठरवून दिली होती.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आठ वर्षांपूर्वी ती घातली, त्या दिवसापासून घरात मासळी शिजली नाही. ह्यांनी माळ घातली नाही, पण मासा घरी आणणं सोडलं. गळ मात्र सुटला नाही. विजेच्या खात्यात लाइनमन होते. आठवडाभर खांबावर आणि रविवारी पाण्याच्या काठी. मासा धरायचा, हातात घेऊन पाहायचा, पुन्हा पाण्यात सोडायचा. मला ते खाण्यापेक्षा वाईट वाटे. पोटासाठी जाळं टाकणारा ढिवर देवाला काहीतरी समजावून सांगू शकेल, तुम्ही काय सांगणार, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, मी त्याला भेटून सोडून देतो. भेटायला गळ लागतो का, असं मी विचारलं. त्यावर नुसते हसले, आणि तो विषय वर्षानुवर्षं तिथंच राहिला.

बोडी आमच्या ओळखीची नव्हती. भंडाऱ्याच्या बाजूला धानाच्या शेतीसाठी बांध घालून पाणी अडवतात, त्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. आमच्या सुनीतीचं सासर साकोलीच्या पुढे. दिवाळीच्या आधी आम्ही वर्ध्याहून तिला भेटायला गेलो होतो. व्याही जेवताना बोलता बोलता म्हणाले, की जंगलाच्या अंगाला एक जुनी बोडी आहे, कमळानं आणि शेवाळानं भरलेली, तिच्यात आता गुरंसुद्धा उतरत नाहीत. ह्यांनी त्यातलं एवढंच उचललं की तिथं कुणी जात नाही, म्हणजे मरळ मासळी मोठी असणार. गुरं का उतरत नाहीत, हे ना ह्यांनी विचारलं ना मी. सकाळीच व्याह्यांची स्कूटर मागून घेतली आणि मला म्हणाले, तूही चल, बांधावर मोहाची सावली आहे, जप तिथं कर. लेकीच्या भरल्या घरात जपाला कोपरा मिळत नव्हता हे खरंच होतं. मी गेले.

अनोळखी पाण्यावर हे कधी लगेच गळ टाकत नसत. डबा उघडून बसत आणि दोऱ्याला कोणतं खोटं आमिष बांधायचं ते स्वतःशी बोलत. त्या दिवशीही मी माळ ओढत होते आणि हे बडबडत होते. चमचा नको, इथं मोकळं पाणी कुठाय. लोखंडी चमचा लांब जातो, चकाकतो, पण गवतात बुडाला की गेला. लाकडी मासोळी तर नकोच, तिच्या पोटाखाली तीन-तीन तोंडांचे गळ, पहिलाच देठ धरून बसेल. इथं रबरी बेडूक. आतून पोकळ, गळाची दोन्ही टोकं पाठीला चिकटून वर तोंड केलेली, म्हणून तो पानांवरून घसरत जातो, अडकत नाही. मरळीनं तोंडात दाबला की रबर आत बसतं आणि टोकं उघडी पडतात. मग रंगाचा प्रश्न. हिरवा घेऊ की काळा? आणि उत्तरही आपणच द्यायचे, की पाठीचा रंग माणसाला दिसतो, मासा खालून पाहतो, पोट पांढरं आहे ना, मग झालं.

मी डोळे मिटले. मध्येच ओलं धुणं दगडावर आपटावं तसा पाण्यावर आवाज झाला. थोड्या वेळानं हे म्हणाले, “अडकलं. आलोच.” माळ अर्ध्यावर होती, मी डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा हे बरेच आत गेले होते आणि वाकून देठांमध्ये हातांनी काहीतरी सोडवत होते. मग सरळ झाले. बांधाकडे वळले. आणि वळल्यावर तिथंच थांबले.

“सिंधू,” हे म्हणाले, “माझे पाय निघत नाहीत.”

मी उठून पाण्याकडे धावले, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं. काठाला वाळू आहे, म्हणाले, चार पावलांनंतर तळच नाही. आपण दोघं अडकलो तर सांगायलाही कुणी उरणार नाही. एक पाय काढायला गेलं की दुसरा खोल जातो, म्हणून आता मी हलणार नाही. हातातली गळाची काठी पडली होती ती शेवाळात कुठं गेली ते त्यांनाही दिसत नव्हतं.

आधी म्हणाले, गावात जा. गाव म्हणजे पायी तासाभराची वाट. स्कूटर मला चालवता येत नव्हती. जाऊन माणसं घेऊन परत येईपर्यंत किती बटणं उरतील, हा हिशेब मी मनात केला आणि नाही म्हणाले. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. मी हाका मारल्या. माझा आवाज जन्मात कधी अंगणाबाहेर गेला नव्हता. तो पाण्यावरून थोडा गेला, पलीकडच्या झाडीतून बगळे उठले, आणि बगळे पुन्हा बसले.

स्कूटरच्या पायरीवर विहिरीचा नवा दोर होता. व्याह्यांनी बाजारातून आणून तसाच ठेवलेला. मी तो मोहाच्या बुंध्याला बांधला, दुसऱ्या टोकाला दगड बांधून फेकला. आमच्या अंगणाच्या दोन लांबी होतील एवढ्या अंतरावर हे उभे होते, आणि दगड पहिल्या लांबीच्याही आत पडला. ओला झाल्यावर तर दोर बैलासारखा जड झाला. तीनदा फेकला. तिसऱ्यांदा खांद्यातून कळ आली.

तेव्हा हे म्हणाले होते, “दोर राहू दे. दोऱ्यानं दोर आणू. मोहाला माझी दुसरी काठी टेकवलेली आहे ना? ती घे. आणि डबा घे.”

काठीच्या रिळावरचा विणलेला दोरा शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडाच जाड असतो, पण त्यावर माणूस तोलता येतो, असं हे नेहमी सांगत. दोरा ह्यांच्यापर्यंत पोचला की त्याला दोर बांधायचा, तो हे ओढून घेतील. प्रश्न एवढाच होता की दोऱ्याच्या टोकाला काय बांधून फेकायचं.

मी डब्यात पाहिलं आणि सांगितलं. दोन चमचे, एक मोठा एक लहान. लाकडी मासोळ्या चार. रबरी बेडूक एक, काळा.

“मोठा चमचा बांध,” हे म्हणाले. “जड आहे. लांब जाईल.”

“तो गवतात बुडतो म्हणून तुम्हीच मघाशी नको म्हणालात.”

हे क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. “जप करत होतीस की माझं ऐकत होतीस?”

“जप तोंडानं असतो. कानांना दार नसतं.”

“बरं. पण माशासाठी नको म्हणालो होतो. मी काही मासा नाही. थेट माझ्या हातात पडला तर बुडेल कशाला? बांध.”

मी बांधला. गाठ कशी घालायची ते त्यांनी सांगितलं, पाच वेढे आणि टोक मागं फिरवून आत. मग म्हणाले, आवळण्याआधी थुंकी लाव, कोरडी गाठ दोरा जाळते. मी प्रयत्न केला. तोंडात थुंकी नव्हती. बोडीच्या पाण्यात बोट बुडवून गाठ ओली केली. काठी कशी फिरवायची तेही सांगितलं: रिळावरची तारेची कडी उघड, दोरा बोटानं धरून ठेव, वाळवणावरचे कावळे हाकलताना काठी मारतेस ना तशी मार, आणि काठी समोर आली की बोट सोड.

चमचा खरंच लांब गेला. चकाकत ह्यांच्याही पलीकडे जाऊन पडला, पण उजव्या अंगाला, हात पुरेल त्याच्या दुप्पट अंतरावर. ह्यांनी कंबरेतून वाकून हात टाकला. वाकल्याबरोबर पाणी एकदम वर आलं, आणि सरळ झाले तेव्हा दोनच बटणं दिसत होती. “हलू नका,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगितलंत ना हलायचं नाही.” मी रीळ फिरवायला लागले. चार वेढे आले आणि चमचा कुठल्यातरी देठाला बसला. ओढला, काठी धनुष्यासारखी वाकली. सुटेना. शेवटी हेच म्हणाले, काप.

डब्यातल्या कात्रीनं कापला. लहान चमचा उचलायला हात गेला, पण मी तो ठेवून दिला आणि बेडूक घेतला.

ह्यांना लांबूनही दिसलं असावं. “हलका आहे तो,” म्हणाले. “वारा तुझ्या तोंडावर आहे. पोचणार नाही.”

“मघाशी तुमच्या हातून पोचला होता.”

“माझा हात तीस वर्षांचा आहे, सिंधू.”

मी फेकला. नाही पोचला. वाऱ्यानं वरच्या वर धरला आणि फडफडत आणून जवळच्या पानांवर टाकला. पण एक झालं, ओढून घेताना तो पानावरून पानावर उड्या मारत सरळ माझ्यापाशी आला, कुठं अडकला नाही. पुन्हा फेकला. पुन्हा तेवढाच. माझे हात कापायला लागले होते. विठ्ठलाचं नाव घेत होते की शिव्या देत होते ते मला आज सांगता येणार नाही. एका रबराच्या बेडकासाठी हा माणूस पाण्यात उतरला, हे मनातून जात नव्हतं.

“तो बेडूक नवा होता का?” मी विचारलं. “जो काढायला गेलात तो.”

“हो,” हे म्हणाले. “नवा होता.”

“किती मोठी वस्तू हो. गेली तर गेली म्हणता आलं नाही.”

“चुकलं,” हे म्हणाले.

मला इतका राग आला की हात कापायचे थांबले. पदर खोचून घेतला, बेडूक ओढून पुन्हा काठाशी आणला.

“आता ऐक,” हे म्हणाले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. “त्याला पाणी पाज. हातात धरून पाण्याखाली ने, दाब, आणि सोड. पोट भरून घेईल. मग जड होईल.”

“मग बुडेल.”

“थोडा बुडेल. पण गळ पाठीवर आहेत, देठांतून निघून येईल. एखाद-दोन फेकांत पाणी गळून जाईल, मग पुन्हा पाज.”

मी पाण्याखाली नेऊन दाबला. बुडबुडे आले. सोडल्यावर त्यानं खरंच घोट घेतल्यासारखं पाणी ओढून घेतलं आणि तळहातात जड झाला, थंड, जिवंत वाटावा असा. मी उभी राहिले, पाय रोवले, आणि कावळे हाकलले.

तो वाऱ्यातून गेला. ह्यांच्याही थोडा पुढे, पण या वेळी डाव्या अंगाला, ह्यांचा हात आणि वर एक काठी एवढ्या अंतरावर जाऊन पडला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. एकच बटण राहिलं होतं, गळपट्टीच्या खालचं.

“पुन्हा,” मी म्हणाले. “आता अंदाज आला मला.”

मी हळूहळू रीळ फिरवायला लागले. बेडूक एका पानावर चढला, कडेवरून घसरला, दुसऱ्यावर चढला. तिसऱ्या पानाच्या अलीकडे थोडं काळं पाणी होतं. तिथं तो उतरला आणि शेजारचं पान खालून हललं. वाऱ्यानं हलतं तसं नव्हे.

मग पाणी फुटलं. मघाशी डोळे मिटून ऐकलं होतं ते आता उघड्या डोळ्यांनी पाहिलं: काळं डोकं, रुंद, सापासारखं, आणि बेडूक नाहीसा झाला.

काठी माझ्या हातातून जायला निघाली. मी ती छातीशी धरली. आणि ह्यांच्याकडे पाहिलं, तर त्या एका बटणाच्या वर ह्यांचं तोंड उजळलं होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी ते तोंड कधी तसं पाहिलं नव्हतं, कारण पाण्याच्या काठी त्यांच्याबरोबर मी कधी गेलेच नव्हते.

“ओढ,” हे म्हणाले. “ढील देऊ नको, देठात जाईल. काठी वर धर आणि ओढ.”

त्यांचं बरोबर होतं. शेवटचा बेडूक होता, तो माशासकट देठांत गुरफटला तर सगळं संपलं. मला ते कळत होतं. पण दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी तोंड होतं, आणि ते तोंड माझ्या हातात झटके देत होतं. पाळण्यातलं मूल दोरीला पाय मारतं ना, तसे ते झटके येत होते. माझ्यानं ओढवेना. फेकताना उघडायची ती तारेची कडी माझ्या बोटानं उघडली.

“अगं!” हे म्हणाले.

रीळ गरगर फिरल्यासारखा आवाज करत दोरा सुटत गेला. मोकळी झाली तशी मरळ खोल पाण्याकडे पळाली. खोल पाणी बोडीच्या मध्याला होतं, आणि मध्याला हे होते. पानांवरून दोरा आडवा सरकत चाललेला मला दिसत होता. एका फुलाला टेकला, फुलाची मान वाकवून सुटला. आणखी सरकला. ह्यांच्या छातीला येऊन टेकला.

ह्यांनी हात खाली दाबला आणि दोरा काखेत धरला.

दोऱ्याचं एक टोक माझ्याकडे होतं, दुसरं मरळीच्या तोंडात, आणि मध्ये हे.

“आता?” मी विचारलं.

“आता दोरा तुझ्याकडून काप आणि दोराच्या टोकाला बांध,” हे म्हणाले. आवाज पुन्हा खांबावर काम करतानाचा, शांत झाला होता. “गाठ मघासारखी. आणि ओली कर.”

या वेळी तोंडात थुंकी होती.

मी दगड सोडून टाकला आणि दोराचं टोक पाण्यात ढकललं. ह्यांनी दोरा दोन्ही हातांनी थोडा थोडा ओढायला सुरुवात केली. जड दोर पानांवरून सरपटत चालला, मध्ये अडला, मी काठावरून काठीनं उचलून दिला, पुन्हा चालला. ह्यांच्या हातात पोचला तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले. मग त्यांनी तो काखांतून घेतला, छातीवर गाठ मारली, आणि मला म्हणाले, तू ओढू नको, तुझ्यानं होणार नाही. मी पुढे आलो की तेवढा ढिला दोर बुंध्याला गुंडाळत जा, मागं जाऊ देऊ नको, एवढंच.

मग हे पाण्यावर आडवे झाले. उभा माणूस गाळाला आवडतो, आडवा नाही, असं नंतर सांगत. पोटावर पडून, कमळाची पानं छातीखाली घेत, दोर ओढत. पहिला पाय निघायला फार वेळ लागला. तेवढ्या वेळात त्यांचं तोंड दोनदा पाण्याखाली गेलं. दोन्ही वेळा मी दोराला हिसका दिला, उपयोग झाला की नाही माहीत नाही. दुसरा पाय बुटासकट गेला आणि बुटाशिवाय आला. मग हे येऊ लागले, आणि मी मोहाभोवती प्रदक्षिणा घालत दोर गुंडाळत राहिले.

काठाच्या वाळूवर ते पालथे पडले. मी डोक्याखाली हात घालून त्यांना उताणं केलं, पदरानं नाकातोंडातला गाळ पुसला. श्वास चालू होता. डोळे उघडे होते. मग मला त्यांचा डावा हात दिसला.

मरळीकडचा दोरा मनगटाला गुंडाळलेला होता. तीन वेढे. इतका आत गेला होता की दोरा दिसत नव्हता, नुसत्या लाल रेघा दिसत होत्या. आणि तो हात थोड्या थोड्या वेळानं आपोआप हलत होता, पाण्याकडे.

एवढा वेळ, सगळ्या वाटेवर, एका हातानं दोर ओढत आणि दुसऱ्या हातानं मासा धरून आले होते.

मी कधी ह्यांना उलटून बोलत नाही. आवाज चढवणं माझ्यात नाही. पण त्या वेळी हळू आवाजातच जे बोलले ते अजून मला ऐकू येतं. म्हटलं, “जीव जात होता तरी मासा सुटला नाही का तुमच्यानं?”

हे कोपरावर उठून बसले आणि वेढे सोडवायला लागले, पण बोटं चालेनात. “तू ओढ,” म्हणाले. “हळू. आता दमलीय ती.”

का कोण जाणे, मी ओढला. पदर हाताला गुंडाळून वीतवीत ओढला. ती आली, दोन वेळा उलटी फिरली, मग काठाच्या उथळ पाण्यात येऊन आडवी पडली. माझ्या हाताएवढी लांब. अंगावर काळ्या-हिरव्या पट्ट्यांची नक्षी, वरच्या ओठात काळा बेडूक.

“हात ओले कर आधी,” हे म्हणाले. “कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघून जातो. मग रोग लागतो.”

माझे हात ओलेच होते. तरी पुन्हा बुडवले. गळ कसा काढायचा ते त्यांनी सांगितलं, खाली दाब आणि आलेल्या वाटेनंच परत ने. मी देवाचं नाव घेतलं आणि दाबलं. निघाला. तिनं तोंड मिटलं.

पण ती गेली नाही. कुशीवर कलली. मी घाबरून ह्यांच्याकडे पाहिलं.

“सरळ धर तिला. पोटाखाली हात घालून. तोंड खोल पाण्याकडे. ती वर येऊन हवा घेते, घेऊ दे.”

मी गुडघाभर पाण्यात बसले, मरळीला दोन्ही हातांवर घेऊन. हे मागे वाळूवर. तेव्हा ते बोलले, तुटक तुटक, दात वाजत होते.

मघाशी जी लागली होती ती दुसरी होती. लागली आणि सरळ देठांत गेली, दोऱ्याचे पाच-सहा वेढे बसले. ओढून दोरा तोडता आला असता. पण तिच्या तोंडात बेडूक राहिला असता आणि बेडूक देठांना. “दोन दिवस तिथंच तडफडून मेली असती,” हे म्हणाले. “म्हणून गेलो. सोडवली. बेडूक टाकला तिथंच.”

“मग मला बेडकासाठी गेलो असं का सांगितलंत?”

“तू चिडलीस ना?”

“चिडणार नाही तर काय?”

“खरं सांगितलं असतं तर रडली असतीस. रडत्या बाईला पाच वेढ्यांची गाठ जमत नाही.”

माझ्या हातात मरळीनं एकदा कल्ले हलवले.

“तू माळ घातलीस ना,” हे म्हणाले, “त्या दिवशी मीही एक ठरवलं. भेटायचं तर भेटायचं, पण लोखंड तोंडात ठेवून कुणाला पाठवायचं नाही. एकदा वर्धा नदीवर एक तशी गेली माझ्या हातून. दोन रविवार जाऊन शोधली.”

“सापडली?”

“नाही.”

आठ वर्षं मी रोज दिवा लावत होते, जप करत होते, आणि ह्या घरात नेम पाळणारी मी एकटीच आहे असं समजत होते. त्यांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

“हात काढू का?” मी विचारलं.

“अजून नको. ती सांगेल.”

आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं होतं. ह्यांच्या मनगटातून रक्त वाळूत पडत होतं, आधी ते बांधायला हवं होतं, पण हे बोलले नाहीत आणि मीही उठले नाही. मग तिनं नाक वर काढलं, हवेचा एक घोट घेतला, शेपटीनं माझ्या हाताला चापट मारल्यासारखं केलं आणि पानांखाली गेली. पान एकदा हललं.

मी बाहेर आले. पदराची किनार फाडून मनगट बांधलं. हे मुकाट्यानं बांधून घेत होते. अंगभर गाळ, एक पाय अनवाणी, केसांत कमळाचं चुरगळलेलं पान.

“व्याह्यांना यातलं काही सांगू नको,” हे म्हणाले. “सुनीतीलाही. बूट चिखलात गेला म्हणू.”

“बरं.”

थोड्या वेळानं म्हणाले, “मरळ सांगितली तर चालेल ना?”

“चालेल.”

“हातात तू घेतली होतीस. किती असेल?”

मी हातांकडे पाहिलं. हातांना अजून ते वजन आठवत होतं. सुनीती जन्मली तेव्हा सुईणीनं दिली होती, त्याहून थोडीच जास्त.

“साडेतीन किलो,” मी म्हणाले.

हे मान हलवत राहिले. साडेतीन म्हणजे चांगली. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी, असं वाटलं मला, आणि धरली मी होती, आणि सोडलीही मीच. ते पुन्हा पाण्याकडे पाहायला लागले, आणि आता त्यांचे खांदे हलत होते, थंडीनं की कशानं ते मी विचारलं नाही.

मी त्यांच्या खांद्याभोवती पदर घेतला.

“पाच सांगा,” मी म्हणाले.